रविवारी गाडी आणू नका

मंगळवार, संध्याकाळ. धायरी.

मीनल आज भेटायला आली आणि दारातच उभी राहिली. दार म्हणजे इलेक्ट्रिक सायकलमागे ओढायच्या माझ्या प्लायवूडच्या खोलीचं. आत दोन माणसं नीट बसतात. तरी पोरगी आत आली नाही.

"बाबा, रविवारी मुलाकडचे येतायत बघायला. काकांच्या घरी, हडपसरला."

"वा! येतो की."

"तुम्ही तिथेच राहता असं सांगितलंय मी. आणि प्लीज, ही गाडी आणू नका."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच का म्हटलं? नोकरी गेल्यावर भाड्याची खोली सोडून मी ही बांधली, तेव्हा खिडकी तिनेच रंगवली होती. केवढी खूश होती! आता तिला माझी लाज वाटते का? विचारायचा धीर झाला नाही. चहा टाकतो म्हटलं, तर उशीर होतोय म्हणाली. आत आलीच नाही.

ती गेल्यावर रडू आलं. तिच्यावर रागावताही येईना. तिचं चुकलं तरी कुठे?

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मी भावाच्या सोफ्यावर बसेन. तुमचं घर कुठे, असं त्यांनी विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणेन, "हेच."