किल्ली खाली उतरणाऱ्याकडे

१४ मार्च, बुधवार

चि. मुंगी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत, तूही असशील. पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. मी फोन उचलत नाही म्हणून तू फुगली आहेस असं आईकडून कळलं. अगं, टॉवरचं काही खरं नाही. मधेच खरखर, मधेच गप्प. म्हटलं, त्यापेक्षा कागद बरा.

बातमी अशी, की कापणीयंत्राचं पुढचं तोंड मी पाच दिवस उघडून बसलो होतो. हो, तेच हेडर, ज्याच्यावरून गेल्या हंगामात आपलं वाजलं. तू म्हणाली होतीस, "बाबा, पीक सारखं आत जात नाहीये, गोळे होऊन जातंय, ड्रम खाली घ्या." मी म्हणालो होतो, "तुझे नकाशे कारखान्यात काढ, माझ्या मशीनला हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. तर कळवण्यास आनंद होतो की ड्रम खाली घेतला आहे. हसू नकोस.

आई समोर मटार सोलत बसली आहे. म्हणते, सगळं नीट लिहा. म्हणून तुला पाठ असलेलंही लिहितो. दोन्ही बाजूंचे पट्टे गहू मधोमध आणतात, मधला पट्टा तो मागे नेतो, आणि ड्रमची बोटं त्याला ओढून मशीनच्या घशात घालतात. आपल्याकडे बाजूचे पट्टे घाईचे आणि मधला सुस्त. गहू एकमेकांच्या उरावर चढायचा आणि मग भलामोठा गोळा एकदम घशात. आता बाजूचे हळू केले, मधला जोरात. ड्रमची बोटं काड सोडायला उशीर करायची, तीही लवकर मागे घेतील अशी बसवली. जुन्या पट्ट्याचं रबर कापून मधल्या फटीला लावलं, म्हणजे दाणे खाली सांडत नाहीत. काल अंगणात आईने मशीन चालू केलं आणि मी लांब दांड्याच्या काट्याने काड टाकत गेलो. पलंगावरून चादर ओढावी तसं सगळं सरळ आत गेलं. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस.

आत्ता उठून बांधापर्यंत जाऊन आलो. खालच्या तुकड्यातला गहू अजून थोडा हिरवा आहे, आठवडाभर थांबेल. माझाच पाय ठरत नाही.

आल्यावर आईने वरचं सगळं वाचायला घेतलं. वाचून चष्मा काढला आणि मला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "म्हणजे मशीनचंच रामायण? मला वाटलंच." आणि एप्रनच्या खिशावर हात ठेवला. मशीनची किल्ली तिथे आहे. खालच्या तुकड्याची कापणी तोंडावर आली आहे आणि ही बाई किल्ली घेऊन मटार सोलते आहे. अट एकच, मुलीला तुमच्या हाताने खरं लिहा.

बरं. लिहितो.

पूर्वी गोळा घशातून जाताना धप्प असा आवाज यायचा. तो ऐकला की मी वेग कमी करायचो, म्हणून अडकायचं कमी. गेली दोन वर्षं तो आवाजच येत नव्हता. मी मूर्ख, मला वाटलं मशीन सुधारलं.

यंदा वरच्या तुकड्यात मशीन उठता बसता अडकायला लागलं. माझा गुडघा धड नाही, त्यामुळे धान्याच्या ट्रॉलीवरून उतरून आईच पुढे जायची आणि काड उपसायची. घरचा नियम तुला माहीत आहे: खाली उतरेल त्याच्या खिशात किल्ली. मीच केलेला नियम. पण तो दिवसभर असा छळवाद चालला होता, की आम्ही किल्ली न काढता नुसते पट्टे बंद करायला लागलो. शेवटच्या वेळी ती वाकलेली होती, मला दिसली नाही. वाटलं, झालं, गेली ट्रॉलीकडे. मी पट्टे सुरू केले.

ती ओरडली. नंतर तिनेच सांगितलं, घसा फाटेस्तोवर ओरडली. मी खुशाल पुढे बघत बसलो होतो. मधल्या पट्ट्यावर निळं काहीतरी दिसलं. ती तिच्या बाहीची चिंधी होती. मी सगळं बंद केलं, इंजिनही. ती हेडरसमोर हात पोटाशी धरून उभी होती, तिचं तोंड हलत होतं. सगळं शिवार गप्प, मुंगी, आणि तरी मला काही ऐकू येईना.

घाबरू नकोस. हाताची साल गेली, टाके पडले, आता खपली धरली आहे. पण ती निळी चिंधी डोळ्यांपुढून हलत नाही. हे पाच दिवस मी हेडर दुरुस्त करत नव्हतो, कोणाला पुन्हा त्याच्यासमोर वाकायला लागू नये म्हणून धडपडत होतो. टॉवर ठणठणीत आहे. फोनवर तुझं नाव दिसतं, मी बघत राहतो. उचलून तुला काय सांगू?

आईने वाचलं. डोळे पुसले आणि किल्ली कागदाशेजारी ठेवली. आठवडाभर याच किल्लीसाठी मी तिच्या मागेमागे फिरत होतो. आता समोर आहे तर उचलवत नाही. कितीही छान ओढलं, तरी कधीतरी अडकेलच, आणि कोणीतरी खाली उतरेलच.

म्हणून किल्ली याच पाकिटात घातली आहे. दुसरी किल्ली नाही. उरलेल्या हंगामाला मशीन तू चालव, तुझे कान चांगले आहेत. मी ट्रॉलीवर बसेन. अडकलं, तर गुडघा दुखला तरी मीच उतरेन, तुझ्याकडून किल्ली मागून घेईन आणि मगच पुढे जाईन. गहू कापून झाला की मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चल. एकट्याने जायची मला भीती वाटते.

येण्याआधी फोन करू नकोस, सरळ ये. दारातून हाक मारलीस आणि मी वळलो नाही, तर मागच्यासारखी बॅग उचलू नकोस. आत ये आणि खांद्यावर हात ठेव.

वाट बघणारा,
तुझा बाबा