विहिरीत न पडलेली गिटार

अण्णा, आमच्या बँडला वीस वर्षं झाली म्हणून आमच्या जुन्या गाण्यांची एक मोठी काळी तबकडी निघतेय, आणि तिच्यासोबत एक पुस्तिका. पुस्तिकेत बँडचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण बाकी तिघांना दोन ओळी लिहा म्हटलं की त्यांचं डोकं दुखायला लागतं. पुण्यातल्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसलेय. कुकरच्या वाफेनं खिडकी धुरकटलीये, पलीकडच्या इमारती पुसट झाल्यात आणि मला उगाच आपल्या गावी, डिंगोऱ्यात असल्यासारखं वाटतंय, माळशेजकडून धुकं उतरून समोरचं घरसुद्धा दिसेनासं व्हायचं तसं. बाकी सगळं लिहून झालं. एक पान अडलंय, ते तुमचं.

तुम्हाला बँड म्हटलं की लाल कोट आणि बिगुल एवढंच माहीत. "मंग घोड्याच्या म्होरं चालणार का तुमी?" असं तोंड अगदी सरळ ठेवून विचारलं होतंत. आणि गंमत बघा, आमचा पहिला कार्यक्रम खरंच हळदीचा निघाला, पारगावात, ड्रमरच्या मावसबहिणीच्या. भर दुपारी मांडवात आम्ही आमची चार संथ, दुःखी गाणी वाजवली. चौथ्याला नवरीचा मामा पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरांनो, तुमच्यात कुणी गेलंय का?" घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हातातला रंधा खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात.

सराव नारायणगावला, आमच्या गायकाच्या शेतातल्या कांद्याच्या रिकाम्या चाळीत. वाऱ्यासाठी सोडलेल्या फटींतून उन्हाचे पट्टे आत पडायचे. ड्रमवर काठी पडली की जमिनीवरची कांद्याची सालपटं उडायची, गुलाबी, कागदापेक्षा पातळ, आणि त्या पट्ट्यांमधून तरंगत राहायची. मी गिटार वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघत बसायचे नि हमखास चुकायचे. आजही कांद्याचा वास आला की माझी बोटं हलतात.

गिटार कशी मोडली ते तुम्हाला माहीत आहे, पण लिहू द्या. नारायणगावहून येताना जीपमध्ये जागा नव्हती म्हणून मी शहाणीनं ती टपावर बांधली. ड्रायव्हरनं तिच्यावर टोमॅटोचे क्रेट रचले. डिंगोऱ्यात उतरले तर तिची मान मोडून तारांवर लोंबत होती. मी तुमच्या दुकानात येऊन भोकाड पसरलं. तुम्ही चष्मा वर केलात, ती हातात घेऊन आडवी-उभी पाहिलीत आणि म्हणालात, "रडती कशाला? हाड मोडलंय, जीव न्हाई गेला."

पुढचे आठ दिवस तुम्ही दुसरं काही केलं नाही. कुणीतरी मोडीत काढलेल्या देव्हाऱ्यातला शिसवीचा तुकडा होता, तो पटाशीनं तासलात, आतून जोड दिलात, सरस लावून शिकंज्यात आवळलात. ज्याची दारं करायला घेतली होती तो माणूस रोज येऊन कावायचा. "पोरीच्या खेळण्यापायी माझी दारं थांबिवली व्हय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "दारं कुठं पळत्यात, पावणं? च्या घ्या." नवव्या दिवशी गिटार माझ्या हातात दिलीत. जोडावरून बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. "वाजती का बघ," म्हणालात आणि मी वाजवेपर्यंत तिथंच उभे राहिलात. एवढंच तुमचं ऐकणं.

मग पुण्यात आमची पहिली मुलाखत झाली. मुलाखत घेणारी बाई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, घरून विरोध झाला असेल ना? खेड्यातली मुलगी, गिटार, वडील काही म्हणालेच असतील? मी नाही नाही म्हणत होते आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात आमचा गायक, थट्टेखोर मेला, म्हणाला, "हिच्या वडलांनी हिची गिटार विहिरीत टाकली." बाईंची लेखणी धावायला लागली. माझं तोंड तेव्हाच उघडायला हवं होतं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या, झालं ते झालं." इतकं छान नाटक मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

छापून आलं, गाजलं. गायकानं त्यावर गाणं लिहिलं, चाल मी लावली. पाण्याखाली गिटार वाजतेय आणि वर बाप कान झाकून उभा आहे, असं ते गाणं. तेच आमचं गाणं झालं. मग एक फोटोग्राफर थेट डिंगोऱ्याला आला, मला आपल्या विहिरीच्या काठावर बसवलं आणि तुम्हाला विचारलं, "काका, हीच का ती?" मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. अगदी क्षणभर.

"हां, हीच," तुम्ही म्हणालात. "हितनं टाकली. लई राग आल्ता."

मग त्याला चहा पाजलात. तो गेल्यावर म्हणालात, "औंदा पाणी कमी हाय, फोटूत नीट दिसायचं न्हाई." बस्स. मला एका शब्दानं बोलला नाहीत. सलूनमध्ये लोक विचारायचे, "काय मिस्तरी, गिटार काढायला कधी उतरायचं?" आणि तुम्ही हसून दाढी करून घ्यायचात. अहो, एकदा ओरडायचं होतं माझ्यावर! एक थोबाडीत दिली असतीत तर मी सुटले असते.

विहिरीत बुडालेली गिटार स्टेजवर कशी न्यायची? मी दुसरी घेतली आणि तुम्ही जोडलेली चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. दुसरा अल्बम पडला. ऊसतोडीच्या दिवसांत ड्रमर शेत सोडून यायचा नाही. मधली चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललोही नाही. दर वेळी त्या एका गाण्यानं आम्हाला परत आणलं. बंगळुरात, शिलाँगला, मराठीचा म कळत नाही अशी हजार पोरं डोळे मिटून तुम्हाला दोष देणारी ओळ गातात, मी गिटार वाजवते, आणि खरं सांगते, त्या वेळी माझ्या अंगावर काटा येतो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. भेटायला आलेल्यांतल्या एकानं म्हटलं होतं, "माणूस कडक व्हता, पण पोरीनं नाव काढलं." मी त्यालाही काही बोलले नाही.

परवा माझ्या लेकीनं माळा आवरताना ती गिटार बाहेर काढली. अकरा वर्षांची आहे. तुम्हाला तिनं पाहिलेलं नाही, इंटरनेटवर जे आहे तेवढेच तुम्ही तिला माहीत. तुमच्या फोटोला हार घालायची वेळ आली की ती दुसऱ्या खोलीत जाते. मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं मानेवरून बोट फिरवलं, जोड शोधला, सापडला नाही. "आजोबा तर भारी होते की," ती म्हणाली. मग गिटार मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, तू आता पुस्तक लिहितेयस ना, त्यात हे खरं लिही."

मी म्हटलं, "अगं, ते कालच छापायला गेलं."

गेलेलं नाही, अण्णा. प्रेसवाल्याचे आज दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. पान समोर उघडं आहे, त्यात तुम्ही अजून गिटार विहिरीत टाकून काठावर उभे आहात. पुसायला दहा वेळा हात पुढे केला. पण लाज वाटते सांगायला, त्या ओळी मी फार चांगल्या लिहिल्यात.