आरतीला कोणी बसते का?

॥ श्री ॥

पुणे, आश्विन शुद्ध पंचमी, शके १९२७

चि. रूपराव यास वडीलबंधूचे अनेक आशीर्वाद.

त्या दयाघनाच्या कृपेने लेखणी धरवते आहे, म्हणून लिहितो.

तुझी लेक आकांक्षा वेळेवर जेवते, गावाकडच्या, देवळीच्या मैत्रिणींची आठवण काढते. गुडघ्याची वार्ता मात्र चांगली नाही.

खो-खोत पडून तिच्या गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडावरची मऊ गादी, फुटून तिथे खड्डा पडला होता. डॉक्टरांनी त्याच गुडघ्याच्या निरोगी कोपऱ्यातून कणभर कूर्चा घेतली, प्रयोगशाळेत महिनाभर तिच्या पेशी वाढवल्या आणि चिकट जेलमध्ये कालवून त्या खड्ड्यात भरल्या. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, ही आज्ञा मी स्वतः ऐकली होती.

चौथ्या दिवशी खाटेजवळ देव मांडून मी निरांजन लावले. तिने विचारले, "मोठेबाबा, मी बसूनच आरती म्हनू काय?"

साठ वर्षांच्या सवयीने मी म्हणालो, "आरतीला कोणी बसते का?"

ती उठली. दुसऱ्या कडव्याला कोसळली.

भरलेले सारे निसटले. वाढवलेल्या पेशी संपल्या आणि खड्डा रुंदावला. पुन्हा तसे करता येईल, अशी आशा डॉक्टर देत नाहीत.

तिने त्यांना सांगितले, "मीच उतरली जी, मोठेबाबा बाहेर गेलते." फोनवर तुलाही तेच सांगेल. ते खरे मानू नकोस.

सौ. आनंदाबाईने लेकीसाठी धरलेले उपवास सोडावेत. अपराध माझा, आईने का उपाशी राहावे?

हे पत्र घरात मोठ्याने वाच. वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या सर्वांची पावले ईश्वर धड राखो.

तुझा दादा,
तानबा