काम संपल्यावर बंद पडणारा कॉम्प्युटर

प्रिय भाचीबाई,

तुझं खोकं दुरुस्त झालं. पण आधी शिव्या ऐक. प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, ओव्हरक्लॉक करायचं, हे वेड तू माझ्याकडूनच उचललंस, त्यामुळे त्यावर फार बोलता येत नाही. पण सोबत नुसती ‘मामा, मधेच बंद पडतो’ एवढीच चिठ्ठी? डॉक्टरकडे जाऊन ‘दुखतंय’ म्हणून गप्प बसण्यातला प्रकार!

तुझ्या खोक्याने दुकानात माझं डोकं खाल्लं. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, कूलर काढून पुन्हा बसवला. तुझी अ‍ॅनिमेशनची जड फाइल दुपारभर रेंडरला लावली, तर पठ्ठ्या एकदाही बंद पडला नाही. व्होल्टेज खुंटा ठोकल्यासारखं स्थिर. मी जरा चहा घेऊन येतो, तर स्क्रीन काळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला तर मजाच वाटायला लागली.

कोडं सोडवलं तुझ्या आईने. आजी गेल्यापासून ताई रोज जेवणाचा डबा घेऊन दुकानात येते आणि स्टुलावर बसून राहते. घरी करायला काही नाही म्हणते. तीच म्हणाली, की काम चालू असताना हा बंद पडतच नाही, काम संपून पंख्याचा आवाज उतरला की मग जातो. इतकी वर्षं शेजारच्या खोलीतून आजीचा श्वास ऐकत झोपलेली बाई, तिचा कान असा असणारच.

मग व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारा मित्राचा ऑसिलोस्कोप मागून आणला आणि उलटं, म्हणजे काम संपताना काय होतं ते, बघायला लागलो. प्रोसेसरवर ओझं आलं की व्होल्टेज थोडं खाली बसतं. ते सावरून धरायची एक सेटिंग मदरबोर्डात असते, ती तू अगदी टोकाला नेऊन ठेवली होतीस. त्यामुळे ओझ्याखाली सगळं छान दिसायचं. पण ओझं झटक्यात उतरलं की व्होल्टेज उसळायचं, मग गचकन खाली यायचं आणि तिथेच प्रोसेसर कोलमडायचा. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये हे दिसतसुद्धा नाही, इतकं क्षणात होतं. सेटिंग दोन पायऱ्या खाली आणली, वेग किंचित कमी केला. आता काम संपवून शांत उभा राहतो.

हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण ताई आसपास असते, म्हणून लिहितोय. तू विचारतेस तेव्हा ती ‘आता आराम आहे’ म्हणते आणि आपण खरं मानतो. आजीचं अंथरूण, औषधं, रात्रीच्या हाका, सगळं तिने हूं की चूं न करता निभावलं. तेव्हा आपण तिची काळजी करायचो, आता सोडून दिली. परवा ती दुकानातून घाईने उठली, आजीच्या औषधाची वेळ झाली म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन खालीच बसली. उठेचना. मला फार भीती वाटली गं. आई माझीही गेली, पण मला हे दुकान तरी आहे. तुझं खोकं मी पाठवणार नाही. न्यायला तू ये आणि चांगले चार दिवस राहा. मी बोलावलं हे मात्र तिला कळू देऊ नकोस. कॉम्प्युटरसाठी आले म्हण, म्हणजे तुझ्यासाठी काय काय करायचं याच्या मागे ती लगेच लागेल. तू तिला करू देऊ नकोस, नुसती शेजारी बस.

वाट बघणारा तुझाच,
मामा