एकट्यांच्या रांगेतले गृहस्थ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तू बोलत नसलीस तरी मोठीच आहेस, तेव्हा नमस्कार चुकत नाही. तुझी तब्येत ठणठणीत असेल, भाऊजींचा गुडघा जागच्या जागी असेल आणि मुलं अभ्यास सोडून बाकी सगळ्यात पुढे असतील असं धरून चालतो. बाबा गेल्यानंतर तुझं आणि आईचं जे वाजलं, त्यात मी आजही पडत नाही (एकदा पडलो होतो, दोन्हीकडून खाल्ली). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आई तर इतकी खुशाल आहे की मला धास्ती वाटते. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण हल्ली मी घरात फोन कानाला लावला की कोणीतरी शेजारच्या खुर्चीत येऊन बसतं आणि मान डोलावत ऐकतं. कोण, ते ओघाने येईलच. म्हणून हे पत्र मी कामाच्या जागी बसून लिहितोय, पुढ्यात लोकांचे दात मांडून. (भाऊजी चारचौघांत मी 'डेंटल लाइनमध्ये' असल्याचं सांगतात, त्यामुळे मी कवळ्या बनवतो हे सभ्यपणे झाकलं जातं. त्यांना माझे धन्यवाद.)

तर झालं असं, की मागच्या महिन्यात आम्ही शहराबाहेरच्या त्या नव्या मनोरंजन पार्कात गेलो. तू म्हणशील, याला गर्दी बघून घाम फुटतो, हा कसा गेला? तुझ्या भावजयीने आधी तिकिटं काढली आणि मग माझं मत विचारलं. आमच्याकडे लोकशाही याच क्रमाने चालते. तिथे भुयारातून जाणारी एक होडी आहे. आत काळोख, पाणी, मधूनच अंगावर येणारा गार वारा, आणि बाहेर पडल्यावर विकत घ्यायला आपलाच भेदरलेला फोटो. मुख्य रांग एवढी लांब की शेवटच्यांना होडी फक्त ऐकून माहीत. पण तिच्या बाजूला एक छोटी रांग असते, एकट्यांची. होडीत एका बाकावर चौघं बसतात. तिघांचं कुटुंब आलं की एक जागा मोकळी राहते, आणि ती भरायला तिथला टोपीवाला या छोट्या रांगेतला एक माणूस उचलून तिथे बसवतो. हिने कुठल्याशा बाईच्या व्हिडिओत पाहिलं होतं की हुशार कुटुंबं सरळ या रांगेत शिरतात, वेगवेगळी बसतात आणि बाहेर येऊन पुन्हा एक होतात. अट एवढीच, की विचारलं तर आपण एकटे आहोत असं सांगायचं आणि रांगेत एकमेकांना ओळख दाखवायची नाही.

याची तालीम घरीच झाली. आमची बारकी आता बारा वर्षांची आहे, तिने गाडीतून उतरल्या क्षणापासून मला ओळख दाखवणं बंद केलं (ती या संधीची बरीच वर्षं वाट बघत असावी). ही तर ओळख न दाखवण्यात मुळातच तयार, तिच्या माहेरच्या समारंभांत मला चांगला अनुभव आहे. धाकधूक होती ती आईची. वाटलं, ऐन वेळी ही मोठ्याने माझं घरातलं नाव घेऊन 'स्वेटर घातलास का' म्हणून ओरडणार. कसचं काय! टोपीवाल्याने वाकून विचारलं, 'आजी, एकट्याच?' तर आई म्हणाली, 'एकटीच आहे हो. माझं कोणी नाही.' तिने ते असं म्हटलं की टोपीवाल्याने तिच्या कोपराला हात दिला. मी तिच्या मागे, ठरल्याप्रमाणे छताकडे बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, काय पण नट आहे आमची आई.

मला एका बाईच्या आणि तिच्या दोन मुलांच्या शेजारी बसवलं. होडी काळोखात शिरली तशी त्या बाईने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, पाय आत घ्या, नेहमीचंच तुमचं. मी पाय आत घेतले. (कोणत्याही बाईने असं म्हटलं की माझे पाय आपोआप आत जातात, लग्नाचा परिणाम.) गार वारा आला तेव्हा धाकट्या मुलाने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. अहो, मी एकट्यांच्या रांगेतला, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर त्या बाई आपल्या भावाच्या वागण्याबद्दल सांगू लागल्या होत्या, आणि खरं सांगू का, भाऊ चुकलाच होता. मी तसं म्हटलंही. मग भुयार संपलं, उजेड आला. आता ती बाई दचकणार, माफी मागणार, म्हणून मी ओशाळं हसायची तयारी करून बसलो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, चला. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ताई, तुला म्हणून सांगतो, मी उठलो आणि त्यांच्यामागे चार पावलं गेलोसुद्धा.

बाहेर पाण्याच्या नळांपाशी भेटायचं ठरलं होतं. ही आली, बारकी आली. आईचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने आली ती एका गृहस्थांचा हात धरून, आणि तिची पर्स त्यांच्या खांद्याला. उंच, पांढरे भरघोस केस, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, हे हिच्याकडचे कोणीतरी. हिला वाटलं, हे आमच्याकडचे कोणीतरी. (अनोळखी म्हातारा दिसला की तो दुसऱ्या पक्षाचा, हा आमच्या संसाराचा जुनाच नियम आहे.) शिवाय सकाळपासून आम्ही सख्ख्यांनाही ओळख दाखवत नव्हतो, मग आता तोंड वर करून तुम्ही कोण म्हणून कोणत्या तोंडाने विचारायचं? ते गाडीत पुढे, माझ्या शेजारी बसले. सीट मागे घेतली. वाटेत बसस्टॉपवर उतरतील असं मी धरून चाललो होतो. प्रत्येक बसस्टॉप आला की मी गाडी हळू करायचो, ते बाहेर बघायचे, आणि स्टॉप मागे पडायचा. असे आम्ही घरी आलो.

आपल्या न्हाणीघराची कडी तुला माहीत आहे, थोडी उचलून आत ढकलल्याशिवाय लागत नाही. नव्या पाहुण्याला ती शिकवावी लागते. त्यांना शिकवावी लागली नाही. हातपाय धुऊन ते बाहेर आले आणि खिडकीजवळच्या बाबांच्या खुर्चीत बसले. आईने बिनसाखरेचा चहा आणून दिला. सकाळी त्यांनी वर्तमानपत्र बाबांच्याच सवयीने शेवटच्या पानापासून उघडलं. बाबांसारखे ते दिसत असते तर मी एक वेळ समजू शकलो असतो. पण आपले बाबा बुटके आणि टकले, यांच्या डोक्यावर दोघांना पुरतील एवढे केस! तरी शेजारच्या शिंपीणकाकू जिन्यात भेटल्या तर त्यांना म्हणतात काय, 'तब्येत सुधारली हो तुमची.' डॉक्टरांनी बाबांचीच जुनी फाइल काढून रक्तदाब तपासला आणि मला बाजूला घेऊन अभिनंदन केलं. हिला मी रागाने विचारलं, अगं, हे आहेत कोण? ती म्हणाली, असं काय करतोस, वयस्कर माणसाबद्दल असं बोलतात का? बारकीला विचारलं तर ती म्हणाली, 'आजोबा.' मी मनातल्या मनात त्यांना रांगवाले म्हणतो. माणूस वाईट नाही. हळू बोलतात, दिवे बंद करतात, ताटात काही टाकत नाहीत. एकदा ते जांभई देत होते तेव्हा मी सवयीने दात पाहिले. माणूस आयुष्यभर चावतो, दातांच्या कडा झिजतात, कुठे चीर जाते, कुठे चहाचा डाग धरतो. यांच्या दातांना झीजच नाही. कवळी नव्हे, हिरड्या खऱ्या. पण त्या दातांनी आजवर काही चावलेलं नाही, हे मी माझ्या कामाची शपथ घेऊन सांगतो.

शेवटी मी एका संध्याकाळी एकटाच पार्कात गेलो. म्हटलं, बदलून नको, निदान परत तरी घेतील. पार्क बंद व्हायला आलं होतं. टोपीवाल्याला सांगितलं की आम्ही चौघं गेलो आणि पाच जण बाहेर आलो. तो म्हणाला, कमी आले असतील तर तक्रार घेतो, जास्तीची घेत नाही. मी म्हटलं, अहो पण ते आमचे नाहीत. त्याने विचारलं, 'जागा रिकामी होती ना?' तेवढ्यात माझं लक्ष मागे गेलं. मोठी रांग केव्हाच संपली होती. एकट्यांची मात्र तशीच उभी होती. कोणाच्या हातात पिशवी नाही, फोन नाही, कोणी पाय बदलत नाही, कोणी पुढे किती राहिले म्हणून वाकून बघत नाही. सगळे आपले शांतपणे आमच्याकडे बघत होते, वधूवरसूचक मंडळात बघतात तसे. त्यांत तुझ्या वयाची एक बाई होती. तुझ्यासारखी अजिबात नव्हती. पण माझ्याकडे बघून अगदी घरच्यासारखी हसली, आणि ताई, मी गाडीपर्यंत पळत आलो (मी पळालो हे लिहून ठेव, पुन्हा घडायचं नाही).

आमच्या कामात एक गोष्ट आधीच शिकवतात. दात पडला की जागा रिकामी ठेवू नये, शेजारचे दात त्या बाजूला कलायला लागतात. कवळी बसवली की जीभ थोडे दिवस कुरकुरते, मग तिला वाटतं, हाच आपला दात. त्यानंतर खरा दात कसा होता ते जिभेला विचारून उपयोग नसतो. परवा मी बाबांची शिंक आठवत बसलो होतो. ती शिंक, जी ऐकून आपण दोघं पलंगाखाली पळायचो. आठवली नाही. डोळे मिटले की रांगवाल्यांची बारीक, रुमालातली शिंक ऐकू येते. आईने भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवून ठेवला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ते समोर बसलेत, मग फोटोत हा टकला कोण लावलाय तू? मला रडू आलं. मी ते दात घासताना रडलो, म्हणजे कोणाला कळत नाही.

पण आई खुशाल आहे. जेवते, झोपते, गाणं गुणगुणते. त्या दिवशी होडीत काय झालं असं विचारलं की म्हणते, काही नाही रे, शेजारची जागा भरली. एवढंच. तेव्हा आमची काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली (राहिली म्हणजे तीन पानं टाळली). आईने तुझी खोली झाडून घेतली आहे. मी आनंदाने विचारलं, ताई येणार आहे? तर म्हणाली, ती कसली येते, पण खोली रिकामी आहे ना. या रविवारी ती पुन्हा पार्कात जाणार आहे. तिथे रांगेत तिने कोणीतरी बघून ठेवली आहे, तुझ्याच वयाची, शांत, उलट बोलत नाही म्हणे. तुझ्यावाचून इथे कोणाचं काही अडत नाही असं ती तुला रागाच्या भरात म्हणाली होती, ते खोटं होतं. पण रविवारनंतर ते खरं होईल. मला उलट न बोलणारी ताई नको आहे. शनिवारपर्यंत ये. भांडण राहिलं असेल तर इथे येऊन पुरं कर, मी मध्ये पडतो, दोन्हीकडून खातो.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायला पत्र घरी आणलं, तर आई नवा अभ्रा घेऊन दारात उभी. विचारते, अरे, ताईचा तो दातावर चढलेला दात कुठल्या बाजूला आहे, डाव्या की उजव्या? आणि ताई, मी दिवसभर लोकांचे दात हाताळणारा माणूस, तुझ्याबरोबर एका ताटात वाढलेला, मला आठवेना. मी डाव्या म्हणून ठोकून दिलं. आई म्हणाली, हो, डाव्याच. आरशात बघ आणि मला कळव. किंवा नको, कळवू नकोस. दाखवायला ये.