केसभर सैल

उम्म सलाल मोहम्मद, कतार
गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३

प्रिय हजरा,

अस्सलामु अलैकुम. मी बरा आहे. तू, अब्बा, अम्मा आणि आपली शफा खुशाल असाल. आपल्या शेजारच्या सलमाचा नवरा आज रात्रीच्या विमानाने गावी निघतोय, जाताना मळ्यावर येऊन हे पत्र नेईल. फोनवर हे सांगता आलं नसतं. फोनवर तू लगेच रडायला लागतेस आणि मी खोटं बोलायला लागतो.

मंगळवारी तेच झालं. सुट्टी मंजूर झाली, रमजान घरी करीन, एवढंच बोललो. सुट्टी कशाबद्दल मिळाली ते गिळून टाकलं.

मळ्याच्या मालकाच्या, आमच्या अरबाबच्या आजोबांची एक रायफल आहे, फ्रेंच फौजेतली. तिची काडतुसं आता कुठे मिळत नाहीत. उद्या त्याच्या मुलाचं, जियादचं लग्न, आणि त्यात हीच रायफल वाजली पाहिजे असा हट्ट. आजकालचं काडतूस तिच्यात चालेल असं करून दे म्हणाला. मी मळ्यावरचे पंप दुरुस्त करणारा माणूस, बंदुकीला जन्मात हात लावलेला नाही. पण लेथवर आपल्यासारखा हात कुणाचा नाही, ही शेखी मलाच मिरवायची होती ना! "यल्ला रहमान, बनाओ. फिर छुट्टी." पासपोर्ट त्याच्याच कपाटात. मी हो म्हटलं.

आणि केलं काय, तर आपल्या मिरकरवाड्यात बोटींच्या इंजिनांना करायचो तेच. अब्बांनी शिकवलेलं, लोखंड तापलं की फुगतं, केसभर सैल ठेव, नाहीतर धरून बसेल. काडतूस बसतं त्या घरातही मी केसभर सैल ठेवलं. बोटीत तेवढ्याने इंजिन वाचतं. बंदुकीत तेवढ्याने माणूस जातो, हे मला ठाऊकच नव्हतं.

सोमवारी रायफल दोन टायरांना बांधली आणि पाण्याच्या टाकीमागे बसून दोरी ओढली. बार उडाला. अरबाब "मबरूक!" म्हणत टाळ्या वाजवत आला. मी रिकामं काडतूस उचललं, तर बुडाशी गोल चिरलेलं. धूर मागून निघाला होता, जिथे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो तिथून. मी "शुक्रन" म्हटलं आणि काडतूस खिशात टाकलं. सुट्टीसाठी, हजरा. मला माझीच लाज वाटते.

आज सकाळी शेवटी ते काडतूस त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, अरबाब, ही फुटेल, नवी नळी लागेल. तो हसला, काही बिघडत नाही म्हणाला. "माफी मुश्किल! एक बार चला, फिर चलेगा. तुमको डर लगता है? खलास, कल पहला गोली तुम मारेगा, बाद में जियाद." पाठीवर थाप मारून निघून गेला.

आधी स्वतःच्याच जिवाची भीती वाटली, खोटं कशाला लिहू? मग वाटलं, मी वाचलोच, तर पुढचा बार जियादच्या गालाशी उडणार. गेल्या वर्षी मला ताप भरला तेव्हा याच पोराने मला आपल्या गाडीत घालून इस्पितळात नेलं होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मी रायफल वाइसमध्ये आवळली आणि कटरने नळी मधोमध कापली. त्याच्या आजोबांची रायफल, हजरा. दोन तुकडे.

ते आता गोणपाटाखाली आहेत. तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की अरबाब येईल. गोणपाट मीच उचलणार आहे. तो पोलिसांत देईल की पासपोर्ट तोंडावर फेकेल, काही कळत नाही. बाहेर गाडी वाजली की पेन ठेवून दाराशी जाऊन बघतो.

अब्बांना सैल ठेवल्याचं सांगू नकोस, जिवाला लावून घेतील. शफाला म्हणावं, सायकल या वर्षी नाही.

कधी येईन, अल्लाच जाणे. आलो तर हात रिकामे असतील. पण दोन्ही असतील.

तुझाच,
रहमान