गुरुराज सर जिवंत आहेत

मेहकर, ता. भालकी
२२ नोव्हेंबर

तीर्थरूप अंकुशमामांच्या चरणी भाचा माउली याचा दंडवत. मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? पडला असल तर कळवा. पडला नसल तर राहू द्या, आणखी एक दुःख ठेवायला सध्या माझ्याकडं जागा न्हाई. आई (तुमची सोजराक्का) ठणठणीत आहे, म्हणजे दिवसभर मला बोलायली. माझा मोबाईल तिनं पेटीत घालून किल्ली कमरेला लावलीय, म्हणून कागदावर लिहायलो.

तुम्ही पेन्शनीच्या कचेरीत, तेव्हा गुरुराज सरांचं प्रकरण तुमच्या कानावर आलंच असल, आणि त्यात माझं नावही. ते सगळं खोटं आहे. म्हणजे नाव खरं आहे, बाकी खोटं.

गुरुराज सर म्हणजे आमच्या हायस्कुलाचे रिटायर हेडमास्तर, घर बिदरला मैलूरात. मी कॉलेज सोडलं तरी मैलूरची खोली सोडली न्हाई, याचं कारण सरांची पोरगी विभा. (कॉलेज कामून सोडलं, हे तुम्ही दर वेळी विचारता. प्रॅक्टिकलच्या मास्तरानं सगळ्यांसमोर, विभासमोर, माझ्या हातातली काचेची नळी काढून घेतली आणि म्हणाला, तू राहू दे. स्वाभिमानी माणसानं त्यानंतर तिथं थांबावं का?) तर या गुरुराज सरांनी, जन्मभर बिदरचं पाणी पिऊन, ठरवलं काय, तर म्हातारपण व्हिएतनामात काढायचं! समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात. (गावाचं नाव मला म्हणता येईना; सरही दर वेळी वेगळंच म्हणतात.) का, तर तिथं पेन्शनीत घर, स्वयंपाकीण, नारळपाणी सगळं बसतं, आणि वर समुद्र फुकट. मामा, या माणसाला समुद्र काय करायचाय? झरणी नरसिंहाच्या गुहेत छातीभर पाण्यातून जावं लागतं म्हणून हे आजवर बाहेरूनच हात जोडत आले. येळवशीच्या सणाला शेतातली भज्जी-आंबील सोडून तिथं वाळूत बसून काय खेकडे मोजणार? आणि सरांच्या सुमतीकाकू! शेजारी मासळीची पाटी आली तर रिक्षा बदलणारी बाई, तिला घेऊन चालले कोळ्यांच्या गावात!

मी सरांना त्यांच्या ओट्यावर जाऊन तोंडावर विचारलं की बिदरनं तुमचं काय घोडं मारलं. तर म्हणाले, "माउली, तिथं रस्त्यात कुणी मला नमस्कार करून नातवाच्या ॲडमिशनचं विचारणार न्हाई. तेवढ्यासाठी मी पोहायला बी शिकंन." अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं? आता पोरीला हे काही मागं एकटी ठेवणार न्हाईत, म्हणजे विभाही चालली, हे मी कुणाला न विचारता ओळखलं. (प्रेमात विचारावं लागत न्हाई.) त्या दिवसापासून माझं जेवण तुटलं. आई म्हणते वाढलंय, पण ते दुःखानं.

आता मंगळवारचं ऐका. सर आणि काकू पासपोर्टच्या फोटोला रिक्षानं गेले. सरांनी कोट घातलेला. समोरच्या चहाच्या टपरीवरून मी बघायलो, आणि रिक्षा वळणाआड गेल्याबरोबर माझे डोळे भरून आले. नेमका तेव्हाच चन्नबसप्पा उगवला. हा माणूस नोव्हेंबरात घरोघर फिरून पेन्शनवाले जिवंत आहेत का ते बघतो आणि अंगठा घेतो. त्यानं दाराचं कुलूप बघितलं, माझे डोळे बघितले, आणि हळूच कन्नडात विचारलं, "सर इद्दारा?" सर आहेत का. मी डोळे पुसत म्हणालो, "ईगिल्ला." यात चूक काय, सांगा ना! आत्ता न्हाईत, एवढंच म्हणालो. पण माणूस वारला तरी कन्नडात हेच म्हणतात, हे मला कोणत्या शाळेत शिकवलं? ("होरगे होग्यार", बाहेर गेलेत, असं म्हणायचं असतं, हे आता अख्खं मैलूर मला शिकवायलंय. मंगळवारी कुठं होते सगळे?) त्यानं टोपी काढली. कधी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आत्ताच, अर्धा तास झाला. कशातून नेलं? रिक्षातून. हे त्याला फार लागलं. एवढा मोठा हेडमास्तर आणि रिक्षातून! मग काकूंचं विचारलं. मी म्हटलं, काकू पण बरोबरच गेल्या. तेव्हा तो मटकन खालीच बसला, आणि टपरीवाल्यानं त्याला पाणी दिलं.

संध्याकाळी शाळेच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर सरांचा हार घातलेला फोटो आला. सरांनी तो स्वतः उघडला. लोकांनी 'कडक पण मायाळू' वगैरे लिहिलेलं. सर एक एक वाचत बसले आणि कुणी लिहिलं न्हाई त्यांची नावं काढत बसले. तिथवर त्यांना मजाच वाटायलती. मग चन्नबसप्पाच्या खबरीवरून पेन्शन थांबली. सर कचेरीत गेले, टेबलावर थाप मारून म्हणाले, मी जिवंत आहे. कारकून म्हणाला, "ते दिसायलंय सर, पण कागद लागल." तिथून ते थेट टपरीवर आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "गणितात तुला पस्तीस देऊन मी पुढं ढकललं, आणि तू मला थेट वर ढकलायलास व्हय रे?" मी मुद्दाम केलं म्हणे! मामा, मला मुद्दाम काही सुचलं असतं तर मी आज बी.एस्सी. झालो नसतो का?

म्हणून मी माफी मागणार न्हाई. पेन्शन बंद तर व्हिएतनाम बंद, आणि व्हिएतनाम बंद तर विभा मैलूरातच. देवानं एकदाच माझ्या बाजूनं काही केलंय. सरांची फाईल तुमच्याच टेबलावर येणार, असं कळलंय. ती गठ्ठ्याच्या तळाशी ठेवा, घाई करू नका. सर तसे मजेत आहेत.

अन्यायानं पोळलेला तुमचा भाचा,
माउली

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत आईच्या फोनवर विभाचा फोन आला. (आईनं स्पीकर लावून मगच माझ्या हातात दिला.) विभा म्हणाली, "अरे गधड्या, चार महिने अप्पांना ते समुद्राचे व्हिडिओ मीच दाखवायलते! मी व्हिएतनामला जायलीच नव्हते. मला कलबुर्गीला एम.एस्सी.ला जागा मिळालीय. अप्पा तिकडं रमले की मीच फोनवर तुझं नाव काढणार होते. तेवढ्या लांबून त्यांचा हात पोचत न्हाई!" तेव्हा मामा, वरचं सगळं खोडलं असं समजा. फाईल गठ्ठ्याच्या वर घ्या, बाकीचे पेन्शनवाले थांबतील. सरांना आठ दिवसांत जिवंत करा. तिकडं म्हणे समुद्र फार छान आहे.

दुसरं ता. क. चुकीची खबर देणाऱ्याचा जबाब लागतो, तो सोबत जोडलाय. त्यात 'मयताशी नाते' असा रकाना आहे. तिथं मी 'होणारा जावई' लिहिलंय. पेननं लिहिलंय आणि खाडाखोड चालत न्हाई. खाली 'वरील मजकूर वाचला, खरा आहे' अशी सरांची सही पाहिजे. तेवढी तुम्ही घ्या.